भुकेची वनस्पती आणि कड्यावरचे फूल



पुण्यातील जुन्या वाड्याच्या अंगणात असो वा आजच्या सदनिकेच्या सज्जात असो, कोरफडीची एखादी कुंडी बहुधा आढळतेच. भाजले-पोळले की तिचा गर लावावयाचा, हे घरातील लहान मुलालाही ठाऊक असते. पानफुटीचे पान शेकून गळवावर बांधण्याची रीतही अद्याप विसरली गेलेली नाही. या दोन वनस्पती एका कुलातील नाहीत. त्यांच्यात समान आहे तो एक गुण : पावसाळ्यात मिळालेले पाणी खोडात वा पानांत साठवून ठेवावयाचे आणि पुढे सात-आठ महिने त्यावर गुजराण करावयाची. अशा वनस्पतींना मांसल वनस्पती म्हणतात.

याच गुणाची, परंतु अंगणात न येता माळरानावर व कड्यांवर राहणारी एक प्रजाती महाराष्ट्रात आहे. शास्त्रीय भाषेत तिचे नाव कॅरालुमा. गुराखी व धनगर तिला माकडशिंग किंवा शिंदळमाकडी या नावांनी ओळखतात. तिचा एक जवळचा आप्त तर पुणे जिल्ह्यातील कड्यावरच प्रथम जगाला ठाऊक झाला. त्या आप्ताचे नाव शिवसुमन. या दोन भावंडांची हकीकत एकत्र ऐकली, तर औषधी वनस्पतींच्या संवर्धनाचा प्रश्न किती गुंतागुंतीचा आहे, हे ध्यानी येते.

भुकेच्या वेळी उपयोगी पडणारी

माकडशिंग ही एक-दोन वीत उंचीची, चौकोनी खोडाची वनस्पती आहे. तिला पाने जवळजवळ नसतातच. अन्न तयार करण्याचे काम हिरवे खोड करते. काटेरी झुडपाच्या आडोशाला, मुरमाड जमिनीत, गुरांच्या तोंडापासून बचावलेल्या जागी ती उभी असते. पावसाळ्याच्या अखेरीस खोडाच्या टोकाकडे लहान, खाली झुकलेली, जांभळट फुले येतात. ‘फिंब्रिएटा’ या प्रकारात फुलांच्या पाकळ्यांच्या कडांना बारीक केसांची झालर असते. पुढे शिंगांसारख्या निमुळत्या शेंगांच्या जोड्या धरतात. शेंग उकलली की रुईच्या म्हातारीप्रमाणे रेशमी केसांचा झुबका असलेले बी वाऱ्यावर उडते. हे साम्य योगायोगाचे नव्हे. ही प्रजाती रुईच्याच गोतावळ्यातील आहे. पूर्वी रुईचे कुल वेगळे मानले जात असे. आता शास्त्रज्ञ ते कण्हेरीच्या कुलात समाविष्ट करतात.

विल्यम रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाने अठराव्या शतकाच्या अखेरीस कोरोमंडल किनाऱ्यावरील वनस्पतींचे वर्णन केले, त्यात या वनस्पतीचाही अंतर्भाव होता. तेथील तेलुगू भाषकांनी सांगितलेले नाव त्याने लिहून ठेवले. त्याच तेलुगू नावावरून पुढे रॉबर्ट ब्राउन याने संपूर्ण प्रजातीला कॅरालुमा हे नाव दिले. प्रजातीच्या शास्त्रीय नावातच अशा रीतीने दक्षिणेतील सामान्य माणसाचा शब्द टिकून राहिला आहे.

त्या सामान्य माणसाला या वनस्पतीची ओळख कशासाठी होती? ती मुख्यतः भुकेसाठी. दक्षिण भारताच्या कोरड्या प्रदेशात तिची कोवळी खोडे कच्ची खाल्ली जातात, मीठ-मिरची लावून खाल्ली जातात, भाजीत शिजविली जातात, लोणच्यातही घातली जातात. चव किंचित कडवट व खारट. रानात लांबवर जाणारे शिकारी आणि गुरांमागे दिवसभर फिरणारे गुराखी ती चघळीत. भूक आणि तहान काही काळ दबते, असा त्यांचा अनुभव. दुष्काळात तर ती पोटाला आधार देणारी वनस्पती म्हणून गणली जाई. ज्याच्या शिदोरीत भाकरी पुरेशी नसे, त्याच्या उपयोगाची ही वनस्पती होती.

तृप्तांच्या औषधापर्यंत

गेल्या काही दशकांत या ज्ञानाला अगदी वेगळे वळण लागले. भूक दाबणारी वनस्पती वजन घटविण्याच्या कामी येईल काय, असा प्रश्न विचारला गेला. माकडशिंगाच्या खोडात प्रेग्नेन ग्लायकोसाइड या वर्गातील रसायने असतात. मेंदूतील भुकेवर नियंत्रण ठेवणाऱ्या भागावर ती परिणाम करीत असावीत, असे मानले जाते. या वनस्पतीचा अर्क कॅप्सूलमध्ये भरून देशात व परदेशात विकला जाऊ लागला.

बंगलोर येथे या अर्काची एक रीतसर चाचणी झाली व तिचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या चाचणीत ५० प्रौढ स्त्री-पुरुषांचे दोन गट करण्यात आले. एका गटास दररोज एक ग्रॅम अर्क, तर दुसऱ्यास दिसण्यात तसेच परंतु औषध नसलेले कॅप्सूल ६० दिवस देण्यात आले. अर्क घेणाऱ्यांच्या कमरेचा घेर कमी झाला आणि भूकही मंदावल्याचे आढळले. परंतु वजन, शरीरातील चरबी आणि एकूण आहार यांबाबतीत दोन्ही गटांत ठाम म्हणता येईल असा फरक दिसला नाही. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी प्रेडर-विली या जन्मजात विकाराच्या १५ मुलामुलींवर हा अर्क वापरून पाहिला. या विकारात मुलाला तृप्ती अशी लाभतच नाही. अन्नाचा ध्यास सुटत नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मुलांच्या या वर्तनात काही सुधारणा नोंदली गेली.

हे निष्कर्ष आशादायक असले तरी तपासलेल्या व्यक्तींची संख्या थोडी आहे आणि कालावधीही अल्प आहे. जाहिरातीतील कॅप्सूल आणि प्रयोगशाळेतील पुरावा यांत बरेच अंतर असते. वैद्यकीय सल्ल्याशिवाय असा अर्क घेणे शहाणपणाचे नाही, ही गोष्ट येथे स्पष्ट सांगणे अगत्याचे आहे.

तथापि, वनस्पतीच्या दृष्टीने प्रश्न निराळाच आहे. औषध गुणकारी ठरो वा न ठरो, मागणी वाढली की माळावरची झाडे उपटली जातात. गुराखी एखादे खोड मोडून घेई तेव्हा बुंधा जमिनीत राहत असे व पुढील पावसाळ्यात तो पुन्हा फुटत असे. पोते भरून माल देणारा मनुष्य मात्र मुळासकट उपटून नेतो.

कलहारीचा धडा

असे घडू शकते याचा पुरावा आफ्रिकेत मिळतो. दक्षिण आफ्रिकेच्या कलहारी वाळवंटात हुडिया नावाची, कॅरालुमाच्याच गोतावळ्यातील मांसल वनस्पती वाढते. तेथील सान लोक शिकारीच्या लांब वाटचालीत भूक-तहान दाबण्यासाठी ती खात आले आहेत. आपल्याकडील गुराख्याचा अनुभव आणि सान शिकाऱ्याचा अनुभव किती मिळताजुळता आहे! १९९० च्या दशकात तेथील शासकीय संशोधन संस्थेने हुडियातील भूक दाबणाऱ्या द्रव्यासंबंधी एकस्व मिळविले. ज्यांच्या ज्ञानावर हे संशोधन आधारलेले होते त्या सान लोकांना प्रारंभी कोणी विचारलेही नव्हते. त्यावर टीका झाली आणि २००३ मध्ये लाभाचा वाटा सान लोकांना देण्याचा करार झाला.

दरम्यान हुडियाचे नाव जगभर पसरले. रानातील झाडांची इतकी तोड सुरू झाली की, २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सायटीस कराराच्या सूचीत हुडियाचा समावेश करावा लागला. २००८ मध्ये एका बहुराष्ट्रीय कंपनीने सुरक्षितता व परिणामकारकता यांविषयीच्या शंकांमुळे आपला प्रकल्प सोडून दिला. औषध बाजारात टिकले नाही. परंतु रानाची हानी होऊन गेली होती.

हिवऱ्याच्या खडकावरील शोध

आता आपल्या पुण्याकडे वळू. औषधी वनस्पतींशी या शहराचा संबंध जुना आहे. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात, १८२८ मध्ये, पुण्याजवळ दापोडी येथे सरकारी वनस्पती उद्यान सुरू झाले. १८३८ पासून डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे त्याचे अधीक्षक होते. ते मूळचे शल्यवैद्य. दख्खन व खानदेशात देवी टोचण्याचे काम त्यांनी केले होते. जुन्नरजवळ हिवरे येथील सरकारी बागही त्यांच्या देखरेखीखाली होती. सोनामुखीसारख्या औषधी वनस्पती तेथे लावल्या जात व त्यांपासूनचे औषध सरकारी वैद्यकीय भांडारास पुरविले जाई. दापोडीच्या बागेत एका भारतीय-पोर्तुगीज चित्रकाराकडून काढून घेतलेली वनस्पतींची सुरेख चित्रे आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जतन केलेली आहेत.

गिब्सन यांच्यानंतर मुंबई इलाख्याच्या वनांची जबाबदारी निकोल डालझेल यांच्याकडे आली. या दोघांनी मिळून १८६१ मध्ये ‘द बॉम्बे फ्लोरा’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला होता. त्यानंतर लवकरच हिवऱ्याच्या खडकाळ परिसरातून मिळालेल्या एका चमत्कारिक वनस्पतीकडे डालझेल यांचे लक्ष गेले. खोड कॅरालुमासारखे मांसल, परंतु गोलसर. आणि त्यावर चक्क मोठी हिरवी पाने! त्या गोतावळ्यात अशी पाने कोणालाच नव्हती. म्हणून डालझेल यांनी तिच्यासाठी नवी प्रजातीच स्थापिली. विद्येचे चाहते म्हणून ख्यात असलेले तत्कालीन गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या सन्मानार्थ त्यांनी तिला ‘फ्रेरिया इंडिका’ असे नाव दिले. ही गोष्ट १८६५ च्या सुमाराची.

फ्रिअर यांच्याच कारकीर्दीत, १८६४ मध्ये, पुण्याच्या गणेशखिंडीत गव्हर्नरांच्या निवासाची भव्य इमारत बांधावयास प्रारंभ झाला. ती १८७१ मध्ये पूर्ण झाली आणि आज तीच सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. विद्यापीठाच्या आवारातून जाणाऱ्या पुणेकराला ती वास्तू परिचित असते. त्याच गव्हर्नराच्या नावाचे फूल आपल्या जिल्ह्यातील कड्यावर फुलते, हे मात्र थोड्यांना ठाऊक असते.

अलीकडच्या वर्गीकरणानुसार फ्रेरियाला बूसेरोसिया प्रजातीत स्थान देण्यात आले आहे. त्यापूर्वी काही काळ ती कॅरालुमातच गणली जात होती. नावे बदलली तरी नाते कायम आहे. मराठी माणसाने तिला दिलेले नाव त्याहून गोड आहे. छत्रपती शिवाजी महाराजांच्या जन्माने पावन झालेल्या शिवनेरीच्या कड्यावर फुलते, म्हणून ते शिवसुमन.

दोन ऋतूंचे दोन संसार

शिवसुमनाची पाने डालझेल यांना जशी चकित करून गेली, तशीच ती पुढील शास्त्रज्ञांनाही करीत राहिली. बहुतेक वनस्पती दिवसा पानांची सूक्ष्म रंध्रे उघडतात, हवेतील कार्बन डायऑक्साइड घेतात आणि सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात. यात पाणी बरेच उडून जाते. अनेक मांसल वनस्पती मात्र रात्रीच्या गारव्यात रंध्रे उघडून वायू साठवितात व दिवसा रंध्रे मिटून अन्न तयार करतात. त्यामुळे पाण्याची बचत होते. १९७७ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी दाखवून दिले की, शिवसुमन या दोन्ही पद्धती वापरते. पावसाळ्यात पाने साध्या झाडाप्रमाणे दिवसा काम करतात. खोड मात्र रात्रीच्या पद्धतीने चालते. पावसाळा सरला, हवा कोरडी झाली की पाने गळून पडतात आणि उघडे खोड कड्याला लटकून उन्हाळा काढते. मुबलक असेल तेव्हा भरपूर कमवावे आणि टंचाईत खर्च आवरावा, हा दख्खनच्या शेतकऱ्याचा संसारच जणू या वनस्पतीने उचलला आहे.

श्रावणापासून आश्विनापर्यंत तिला पंचकोनी ताऱ्यासारखी, गडद तांबूस-जांभळी, पिवळ्या ठिपक्यांची फुले येतात. त्यांचा आकार रुपयाच्या नाण्याएवढा. माश्या त्यांच्यावर येतात व त्यांच्याकरवी परागण होते. जगाच्या पाठीवर ही वनस्पती नैसर्गिक स्थितीत केवळ महाराष्ट्रात आढळते. जुन्नर-शिवनेरी, पुरंदरजवळचा वज्रगड, सज्जनगड, महाबळेश्वरचा परिसर, रंधा धबधब्याजवळचे कडे अशा मोजक्याच ठिकाणी तिचे अस्तित्व नोंदले गेले आहे. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने १९८० च्या दशकात प्रसिद्ध करण्यास सुरुवात केलेल्या संकटग्रस्त वनस्पतींच्या ‘रेड डेटा बुक’मध्ये तिचा समावेश झाला.

संकटे कोणती? शेळ्या पोहोचू शकतील तेथवरची खोडे त्या कुरतडतात. उन्हाळ्यात गवताला लावलेले वणवे कड्याच्या कडेपर्यंत जातात. दरड कोसळली तर एखादी संपूर्ण वसाहत एका पावसाळ्यात नाहीशी होऊ शकते. बी वाऱ्यावर दूर उडते खरे. परंतु उभ्या खडकावर मातीची चिमूट असलेली भेग त्यास सापडेलच असे नाही. या सर्वांत भर पडते ती हौशी संग्राहकांची. आणि माकडशिंगाची मागणी वाढत गेली, तर उन्हाळ्यात पानांवाचून उभ्या असलेल्या शिवसुमनावरही, तेही तसलेच खोड आहे अशा समजुतीने, हात पडण्याची भीती आहे. कड्यावर मोजकीच झाडे असताना अशी एक फेरीदेखील महागात पडेल.

उपाय हाताशी आहे

येथे निराश होण्याचे कारण नाही. निसर्गाने या वनस्पतींना एक सोय दिली आहे. खोडाचा बोटभर तुकडा कापून, जखम सावलीत वाळवून, वाळूमिश्रित भुसभुशीत मातीत खोचला व पाणी बेताने दिले, तर त्याला मुळे फुटतात. शिवसुमन याच रीतीने युरोपातील हौशी बागाईतदारांच्या काचगृहांतही वाढत आहे. कड्यावर दुर्मिळ असलेली वनस्पती कुंडीत सहज वाढते, असा हा विरोधाभास आहे. याचा अर्थ इतकाच की, औषधासाठी असो वा हौसेसाठी असो, रानातून झाड उपटण्याची गरजच नाही. माकडशिंगाचीही लागवड होऊ शकते. कोरडवाहू शेताच्या बांधावर, जेथे दुसरे काही पिकत नाही अशा मुरमाड पट्ट्यात ती लावता येईल. मात्र खरेदीदाराची खात्री करून घेतल्याशिवाय मोठ्या क्षेत्रावर लागवड करू नये. कारण या मालाची बाजारपेठ अद्याप लहरी आहे.

या कामी मार्गदर्शन करू शकतील अशा संस्था पुण्यातच आहेत. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र १९५५ पासून येथे कार्य करीत आहे. प्रा. शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या पुढाकाराने १९४६ मध्ये स्थापन झालेली विज्ञानवर्धिनी संस्था आज आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. तेथे वनस्पतींच्या नमुन्यांबरोबरच सुक्या औषधी द्रव्यांचाही संग्रह आहे. बाजारातील माल खरोखर कोणत्या वनस्पतीचा आहे, हे अशा संग्रहाशी ताडून पाहता येते. १८७३ मध्ये सुरू झालेल्या गणेशखिंड उद्यानास महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केले.

कायद्याचेही पाठबळ आहे. जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची असून लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची आहे. राज्याचे जैवविविधता मंडळ २०१२ पासून नागपूर येथे कार्यरत आहे. आपल्या हद्दीतून व्यापारासाठी जैविक साधने गोळा करणाऱ्यांकडून शुल्क आकारण्याचा अधिकार या समित्यांना आहे. सान लोकांना जो हक्क भांडून मिळवावा लागला, त्याची तरतूद आपल्याकडे गावपातळीपर्यंत करून ठेवलेली आहे.

परंतु नोंदवही भरली कशी जाते, यावर सर्व अवलंबून राहील. माकडशिंग कोठे उगवते, कोणत्या महिन्यात खुडावे, किती खुडावे, हे ज्यांना ठाऊक आहे ते गुराखी, धनगर व वृद्ध स्त्रिया ग्रामसभेत सहसा मागच्या रांगेत बसलेल्या असतात. त्यांना विचारून, त्यांच्या शब्दांत ते ज्ञान लिहून घेतले पाहिजे. मात्र शिवसुमनासारख्या दुर्मिळ वनस्पतीचे नेमके ठिकाण चारचौघांत जाहीर होणार नाही, याचीही दक्षता घ्यावयास हवी. पुण्यातील गिरिप्रेमी मंडळे व महाविद्यालयीन विद्यार्थी दर पावसाळ्यात गडांवर जातात. त्यांनी फूल दिसल्यास ते न तोडता छायाचित्र घ्यावे आणि त्याची नोंद वन विभागाकडे किंवा सर्वेक्षण संस्थेकडे द्यावी.

दापोडी आणि हिवऱ्याच्या त्या बागा आता राहिलेल्या नाहीत. औषधी वनस्पती रानातून ओरबाडून आणण्याऐवजी बागेत लावून मिळवावी, हा त्यांच्यामागील विचार मात्र आजही तितकाच उपयुक्त आहे. माकडशिंग बांधावर लागले आणि शिवसुमनाची रोपे कुंडीत वाढू लागली, तर रानातील झाडाला हात लावण्याचे कारण कोणालाच उरणार नाही. मग येत्या भाद्रपदात शिवनेरीची वाट चढणाऱ्या एखाद्या मुलाला, मान वर करून पाहताच, काळ्या कातळावर तो तांबूस तारा जागच्या जागी दिसेल.